अमेरिकी विद्यापीठातील प्रवेश : आधी अर्जाचा प्रकार ठरवा, मग कागदपत्रे जमवा

अमेरिकेतील विद्यापीठात पदवी अभ्यासक्रमासाठी अर्ज करू पाहणारा विद्यार्थी बहुधा आधी परीक्षांची चौकशी करतो, मग शुल्काची, आणि आपण नेमके कोणत्या प्रकारात मोडतो हा प्रश्न त्याला अर्ज भरताना, कधी कधी तर अर्ज भरून झाल्यावर पडतो. हा क्रम उलटा असायला हवा. फ्रेशमन (पुष्कळ विद्यापीठे आता त्याऐवजी ‘फर्स्ट-इयर’ म्हणतात), ट्रान्सफर (एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणारा) आणि इंटरनॅशनल या नावांखाली मुदती वेगळ्या असतात, कागदपत्रे वेगळी असतात आणि पुष्कळदा अर्जही वेगळा असतो. चुकीच्या प्रकारात केलेला अर्ज विद्यापीठ आपणहून योग्य प्रकारात हलवून घेईलच, असे गृहीत धरता येत नाही.

ही तीन नावे शेजारीशेजारी छापलेली असतात, म्हणून त्यांतले एक निवडायचे आहे असा समज होतो. वास्तविक हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फ्रेशमन की ट्रान्सफर, हे आजवर झालेल्या शिक्षणावरून ठरते. इंटरनॅशनल आहे की नाही, हे नागरिकत्वावरून आणि अमेरिकेतील वास्तव्याच्या कायदेशीर दर्जावरून ठरते. भारतात बारावी झालेली, पण जन्माने अमेरिकी नागरिक असलेली मुलगी बहुतेक विद्यापीठांच्या लेखी इंटरनॅशनल नसते. तिला व्हिसा लागत नाही, आणि संघराज्य सरकारच्या आर्थिक मदतीसाठीचा ‘फाफ्सा’ हा अर्जही तिला भरता येतो. मात्र तिच्या गुणपत्रिका परदेशी असल्यामुळे त्यांची छाननी परदेशी गुणपत्रिकांप्रमाणेच होते. याउलट, विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेतल्याच कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या स्थानिक सार्वजनिक कॉलेजात) दोन वर्षे शिकून चार वर्षांच्या विद्यापीठाकडे वळणारा मुलगा ट्रान्सफरही असतो आणि इंटरनॅशनलही, आणि त्याला दोन्हीकडच्या अटी पुऱ्या कराव्या लागतात.

फ्रेशमनची व्याख्या प्रत्येक विद्यापीठ स्वतःची करते, पण गाभा एकच आहे : हायस्कूल पूर्ण झाल्यानंतर कोणत्याही कॉलेजच्या नियमित सत्रात नाव न घातलेला विद्यार्थी. हायस्कूलमध्ये असतानाच ‘ड्युअल एनरोलमेंट’खाली कॉलेजचे कोर्स घेतलेले असले, त्यांची क्रेडिट्स (कोर्स पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक) बरीच जमलेली असली, तरी तो सहसा फ्रेशमनच राहतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियमात तर हायस्कूल संपल्यावर लगेच येणारे उन्हाळी सत्रही मोजले जात नाही. कुठे कुठे ठरावीक क्रेडिट्सपेक्षा कमी शिक्षण झालेल्यालाही फ्रेशमन म्हणूनच अर्ज करायला सांगतात, तेव्हा त्या त्या विद्यापीठाची व्याख्या शब्दशः वाचावी. बारावीनंतर एखादे वर्ष महाविद्यालयात काढून ते सोडून दिलेल्या विद्यार्थ्यांना ते वर्ष ‘नसल्यासारखेच’ धरण्याचा मोह होतो. तो टाळावा. अर्जात आजवर नाव घातलेल्या सर्व संस्थांची यादी मागितलेली असते, खाली ती खरी असल्याची सही असते, आणि वगळलेली संस्था पुढे उघडकीस आली तर दिलेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. नापास झालेले एक वर्ष समजावून सांगता येते, पण लपवलेल्या वर्षाला काही उत्तर नसते.

फ्रेशमनच्या अर्जात सर्वाधिक वजन हायस्कूलच्या चार वर्षांना, म्हणजे नववी ते बारावीला असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाची अट नमुन्यादाखल पाहण्यासारखी आहे, कारण ती स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे : एकूण १५ वार्षिक कोर्स, त्यांत इंग्रजीची ४ वर्षे, गणिताची ३, इतिहास व समाजशास्त्राची २, विज्ञानाची २, इंग्रजीखेरीज अन्य भाषेची २, कलेचे १ आणि ऐच्छिक विषयाचे १, शिवाय यांतले ११ कोर्स शेवटच्या वर्षाआधी पूर्ण झालेले हवेत. याला तिथे ‘ए-टू-जी’ म्हणतात. या विषयांतला जीपीए (श्रेणींची सरासरी, सहसा ४ पैकी) राज्यातील रहिवाशांसाठी किमान ३.० आणि बाहेरच्यांसाठी ३.४ लागतो. ही पात्रतेची अट आहे, प्रवेशाची हमी नव्हे. बर्कली किंवा लॉस एंजेलिस या त्याच्या परिसरांत निवड झालेल्यांचे गुण याहून पुष्कळ वरचे असतात. हमीचे उदाहरण टेक्ससमध्ये सापडते. तिथे १९९७च्या कायद्याने राज्यातील हायस्कूलच्या वर्गात पहिल्या १० टक्क्यांत येणाऱ्यांना सार्वजनिक विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो, पण ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठाला ही मर्यादा आणखी आवळण्याची मुभा आहे आणि ते ती वापरते.

एसएटी आणि एसीटी या कॉलेजप्रवेशासाठीच्या परीक्षांबाबत ऐकीव माहितीवर विसंबू नये, कारण गेल्या काही वर्षांत धोरणे दोन्ही दिशांनी बदलली आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशाचा निर्णय घेताना हे गुण पाहतच नाही. एमआयटीने २०२२मध्ये परीक्षेची सक्ती पुन्हा आणली, आणि २०२४मध्ये डार्टमथ, येल व हार्वर्ड यांनी परीक्षांकडे परत वळण्याचे जाहीर केले. उरलेल्या अनेक ठिकाणी परीक्षा ऐच्छिक आहे. तिथे माझे मत असे, की आपले गुण त्या विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या मधल्या पट्ट्यात (प्रवेश मिळालेल्यांपैकी मधल्या निम्म्यांच्या गुणांत) किंवा त्याच्या वर असतील तरच ते पाठवावेत.

अर्जाचे माध्यमही एक नाही. एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवण्याची सोय असलेल्या ‘कॉमन अ‍ॅप’ची सदस्यसंख्या हजाराच्या वर आहे, त्यात एका विद्यार्थ्याला २० कॉलेजे जोडता येतात आणि मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो. सोबत शाळेचा अहवाल, समुपदेशकाचे पत्र आणि शिक्षकांची शिफारसपत्रे लागतात. ही कामे इतरांच्या हातची असल्यामुळे मुदतीच्या किमान महिनाभर आधी त्यांना सांगून ठेवावे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज मात्र स्वतंत्र असतो. त्यात ८ प्रश्नांपैकी ४ प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरे द्यायची असतात आणि शिफारसपत्रे सर्वसाधारणपणे मागितली जात नाहीत. लवकर अर्ज करण्याच्या दोन पद्धती आहेत, आणि त्यांत गल्लत होता कामा नये : ‘अर्ली अ‍ॅक्शन’मध्ये फक्त निकाल लवकर कळतो, तर ‘अर्ली डिसिजन’मध्ये निवड झाल्यास तिथेच जाण्याचे बंधन पत्करलेले असते. आर्थिक मदतीचे आकडे ताडून पाहिल्याशिवाय ज्यांना निर्णय घेणे शक्य नाही, त्यांनी दुसऱ्या पद्धतीच्या वाटेला जाऊ नये. नेहमीच्या फेरीत निकाल मार्चअखेरपर्यंत लागतात आणि उत्तर देण्याची रूढ तारीख १ मे ही आहे.

ट्रान्सफरचे गणित निराळे असते. इथे हायस्कूलचे महत्त्व कमी होत जाते आणि तुम्ही कॉलेजात काय शिकलात व त्यातले किती ‘वळते’ होईल, हा मुख्य प्रश्न बनतो. अमेरिकेतील पदवी साधारणपणे १२० सेमिस्टर क्रेडिट्सची असते, पण आधीच्या संस्थेतली सगळी क्रेडिट्स नवी संस्था मान्य करतेच असे नाही. आधीची संस्था अधिमान्यताप्राप्त असावी लागते, कोर्समध्ये सहसा ‘सी’ किंवा त्याहून वरची श्रेणी लागते, आणि पदवी देणाऱ्या विद्यापीठातच काही क्रेडिट्स पूर्ण करण्याची अट असते. क्रेडिट वळते झाले तरी जुना जीपीए बहुतेक ठिकाणी नव्या ट्रान्स्क्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रकावर) येत नाही. तिथे हिशेब शून्यापासून सुरू होतो.

‘क्रेडिट मान्य झाले’ या शब्दांनीही समाधान मानू नये. ते पदवीच्या एकूण बेरजेत धरले गेले, की मुख्य विषयातील सक्तीच्या कोर्सऐवजी धरले गेले, हे लेखी विचारून घ्यावे. नुसत्या बेरजेतल्या क्रेडिट्समुळे आकडा फुगतो, पण अभ्यासक्रमातले कोर्स तसेच शिल्लक राहतात आणि पदवीला सेमिस्टर-दोन सेमिस्टर जास्त लागतात. क्वार्टर पद्धतीच्या (वर्षाला तीन मुख्य सत्रे) कॉलेजातून सेमिस्टर पद्धतीच्या (वर्षाला दोन) विद्यापीठात जाताना हे फार जाणवते. क्वार्टरचे १ क्रेडिट म्हणजे सेमिस्टरचे दोन-तृतीयांश, म्हणून ४५ क्वार्टर क्रेडिट्सची ३० सेमिस्टर क्रेडिट्स होतात. इथवर साधा हिशेब आहे. पण सामान्य रसायनशास्त्र क्वार्टर पद्धतीत तीन भागांत शिकवतात आणि सेमिस्टर पद्धतीत दोन भागांत. तीनपैकी दोनच भाग करून निघालेल्या विद्यार्थ्याला क्रेडिट्स मिळतात, परंतु दुसऱ्या सेमिस्टरचा एक-तृतीयांश अभ्यास झालेला आणि दोन-तृतीयांश राहिलेला, अशा अवस्थेत पुष्कळदा तो कोर्स पुन्हा पूर्ण करावा लागतो. म्हणून अशी साखळी कोर्स एकाच संस्थेत संपवूनच संस्था बदलावी.

कम्युनिटी कॉलेजातून वर जाण्याची वाट काही राज्यांनी चांगली आखून ठेवली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात ज्युनियर म्हणून, म्हणजे तिसऱ्या वर्षात, प्रवेशासाठी ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट्स लागतात. जीपीए रहिवाशांसाठी किमान २.४ आणि बाहेरच्यांसाठी २.८ हवा. कोणत्या कम्युनिटी कॉलेजातला कोणता कोर्स कोणत्या विद्यापीठातल्या कोर्सशी समान धरला जातो, हे ‘असिस्ट’ या अधिकृत संकेतस्थळावर पाहता येते, आणि पहिल्या सेमिस्टरचे विषय निवडण्याआधीच ते उघडून बसावे. शिवाय डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा परिसर ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्या कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना प्रवेशाची लेखी हमी देतात. तिचा अर्ज सप्टेंबरमध्ये, म्हणजे मुख्य अर्जाच्या आधी करावा लागतो, आणि तो नेमका इथेच विसरला जातो.

ट्रान्सफर अर्जदाराने आजवरच्या प्रत्येक कॉलेजचे अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट पाठवायचे असते, मग तिथे एकच कोर्स केलेला असो किंवा तो अर्धवट सोडलेला असो. ‘अधिकृत’ याचा अर्थ रजिस्ट्रारच्या कार्यालयातून थेट गेलेले, इलेक्ट्रॉनिक किंवा सीलबंद पाकिटातले. ते पाकीट तुम्ही कुतूहलाने उघडले, तर आतला कागद तोच असूनही तो अधिकृत राहत नाही.

आता इंटरनॅशनल. वर सांगितलेल्या दोन्हींपैकी एका प्रकारच्या अटी पुऱ्या केल्यावर त्यावर आणखी तीन गोष्टींची भर पडते : परदेशी गुणपत्रिका, इंग्रजीचा पुरावा आणि पैशाचा पुरावा.

गुणपत्रिका मूळ स्वरूपात द्याव्यात आणि त्या इंग्रजीत नसतील तर अधिकृत भाषांतर जोडावे. टक्क्यांचे जीपीएत रूपांतर स्वतः करू नये. गुण आहेत तसेच लिहावेत, अशी कॅलिफोर्निया विद्यापीठाची स्पष्ट सूचना आहे. काही विद्यापीठे हे मूल्यमापन स्वतः करतात, तर काही बाहेरच्या संस्थेकडून करून आणायला सांगतात, आणि ट्रान्सफरसाठी बहुधा प्रत्येक कोर्सचा तपशीलवार अहवाल मागतात. त्यासोबत अभ्यासक्रमाची छापील रूपरेषा लागू शकते, म्हणून महाविद्यालय सोडतानाच ती मिळवून ठेवणे शहाणपणाचे. आपल्याकडच्या अर्जदारांनी नावाकडे विशेष लक्ष द्यावे : गुणपत्रिकेवर आडनाव आधी व नंतर स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते, पासपोर्टवर रचना वेगळी असते, आणि परीक्षेच्या नोंदणीत तिसरीच केली जाते. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव घालावे, नाहीतर परीक्षेचे गुण अर्जाशी जुळतच नाहीत आणि फाइल ‘अपूर्ण’ म्हणून पडून राहते.

इंग्रजीसाठी टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो यांपैकी विद्यापीठ मान्य करील ती परीक्षा द्यावी. टोफेल आणि आयईएलटीएसचे गुण दोन वर्षे ग्राह्य धरतात. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांना काही ठिकाणी सूट मिळते, पण ती मागावी लागते.

आर्थिक पुरावा बहुतेक ठिकाणी प्रवेश मिळाल्यानंतर लागतो. किमान पहिल्या वर्षाचा शिक्षण, निवास आणि विमा धरून होणारा खर्च भागेल इतकी रक्कम उपलब्ध असल्याचे बँकेचे पत्र आणि पैसे देणाऱ्या पालकाचे वा नातेवाइकाचे संमतिपत्र त्यात असते. फाफ्साखालील मदत इंटरनॅशनल विद्यार्थ्यांना मिळत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट यांसारख्या मोजक्या संस्था प्रवेशाचा निर्णय घेताना परदेशी अर्जदाराचीही ऐपत पाहत नाहीत. इतर बहुतेक ठिकाणी मदत मागितल्याचा निवडीवर परिणाम होऊ शकतो, हे आधीच माहीत असावे.

पुरावा मान्य झाला की विद्यापीठ आय-२० हे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारे प्रमाणपत्र देते. त्यावरील नाव, जन्मतारीख आणि अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख तपासावी, सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीचे ३५० डॉलरचे शुल्क भरावे, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज करून १८५ डॉलरचे व्हिसा शुल्क भरावे आणि मुलाखतीची वेळ घ्यावी. आधीपासून अमेरिकेत एफ-१ (विद्यार्थी) दर्जावर असलेल्या ट्रान्सफर विद्यार्थ्याला शैक्षणिक प्रवेशाखेरीज सेव्हिसमधली नोंदही हलवून घ्यावी लागते. जुन्या संस्थेने ती ठरलेल्या तारखेला सोडल्याशिवाय नव्या संस्थेला आय-२० देता येत नाही, आणि नवे सत्र पाच महिन्यांच्या आत सुरू व्हावे लागते. परदेशातून पहिल्यांदा येणाऱ्याला आय-२०वरील तारखेच्या ३० दिवसांहून आधी अमेरिकेत प्रवेश करता येत नाही, तेव्हा विमानाचे तिकीट त्या तारखेकडे पाहूनच काढावे.