व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर? हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरची तुलना घरच्या घरी

व्हॉल्व्ह (काचेची निर्वात नळी) ‘गोड’ आणि ट्रान्झिस्टर ‘कोरडा’ हे ऐकून पैसे घालवायच्या आधी दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर एकाच आवाजावर आणून ऐका. ज्याचा आवाज तसूभर मोठा, तोच कानाला उजवा वाटतो. अर्ध्या डेसिबलचा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला आवाज’ म्हणून जाणवतो. बहुतेक तुलना इथेच फसतात.

आधी स्विचची पेटी बनवा. नऊ पायांचा टॉगल स्विच घ्या (तीन पोल, दोन थ्रो) आणि हेडफोनची तीन सॉकेट. स्विचचे मधले तीन पाय हेडफोनकडे जातील, एका बाजूचे तीन व्हॉल्व्हकडे, दुसऱ्या बाजूचे ट्रान्झिस्टरकडे. डावा, उजवा आणि ग्राउंड तिन्ही स्विचमधूनच न्या. दोन्हींचे ग्राउंड कायमचे जोडून टाकायचा मोह होतो, पण काही अ‍ॅम्प्लिफायरची परतीची तार खऱ्या ग्राउंडवर नसते. बॅलन्स्ड आउटपुट (ज्यात डाव्या-उजव्याची परतीची तार वेगवेगळी असते) या पेटीला लावूच नका. अ‍ॅल्युमिनियमच्या डबीला भोकं पाडून घ्यायला कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आहेच. डॅकमधून (डिजिटल गाण्याचा विद्युत सिग्नल करणारं यंत्र) दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरना सिग्नल द्यायला वाय केबल चालते. आउटपुटच्या बाजूला मात्र वाय केबल कधीच नको, एक अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यात वीज ढकलतो.

दोन्ही चालू करून वीस मिनिटं तापू द्या. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आउटपुटला कपॅसिटर असतात. चालू करताना त्यांतून ‘थड’ असा धक्का येतो, म्हणून हेडफोन मिनिटभराने जोडा. झाकण उघडू नका. आत शंभर ते तीनशे व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही वेळ टिकतात. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ही चाचणी घेऊ नका, गुणगुण त्याची आणि दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या माथी.

आता आवाज जुळवा. स्वस्तातल्या पिवळ्या मल्टीमीटरची सर्वात खालची एसी रेंज २०० व्होल्ट असते, तो इथे निरुपयोगी. २ व्होल्ट एसी रेंजचा घ्या. हेडफोन जोडलेलाच ठेवा, पण कानावरून काढा. ४०० हर्ट्झचा टोन लावा आणि पेटीच्या आउटपुट सॉकेटवर डावा पाय ते ग्राउंड मोजा. दोन्हीकडे ०.३०० व्होल्ट यायला हवेत, चूक ०.००३ च्या आत, म्हणजे ०.१ डेसिबलपेक्षा कमी. मग उजवा पाय मोजा, कारण नॉब खाली असताना डावा-उजवा फरक पडतो. ५० हर्ट्झवर जुळवू नका, का ते पुढे येतंच.

पंखा बंद करून ऐका. अल्लादियाँ खाँसाहेबांच्या कोल्हापुरात जयपूर घराण्याचं गाणं लावावंसं वाटणारच, पण ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांत वरचा पट्टाच नसतो, त्यांवर निकाल लागत नाही. नव्या ध्वनिमुद्रणातल्या तानपुऱ्याची आस किती वेळ ऐकू येते ते बघा. कुस्तीच्या मैदानातल्या हलगीचा ठोका सुरू कसा होतो यापेक्षा थांबतो कसा, याकडे कान द्या. मग स्विच दुसऱ्याच्या हातात द्या आणि डोळे मिटून दहा वेळा ओळखा. नऊ बरोबर आले तर फरक खरा. सहा-सात अंदाजानेही येतात.

आता मुद्द्याची गोष्ट, आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे आउटपुटला आतूनच होणारा विद्युत विरोध. ट्रान्झिस्टरचा बहुधा १ ओहमच्या आत, ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्हचा १०० च्या घरात असू शकतो. सेन्हायझर एचडी ६५० हा ३०० ओहमचा हेडफोन, पण १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० च्या जवळ जातो. १०० ओहममागे लावला की तिथला खर्ज सुमारे ०.९ डेसिबलने फुगतो. हाच तो ‘गोडवा’! म्हणूनच आवाज खालच्या टोनवर जुळवायचा नाही. ३२ ओहमचा हेडफोन तिथे लावलात तर तीन चतुर्थांश व्होल्टेज अ‍ॅम्प्लिफायरमध्येच जिरतं आणि खर्ज ढिला पडू शकतो.

खात्री करायची असेल तर १०० ओहम, अर्ध्या वॅटचे दोन रेझिस्टर घ्या आणि ट्रान्झिस्टरकडून पेटीत येणाऱ्या डाव्या आणि उजव्या तारेत एकेक सोल्डर करा. ग्राउंडला काही नको. व्होल्टेज पुन्हा ०.३०० ला आणा आणि परत दहा वेळा ओळखा. आता ओळखता आलं नाही, तर तुम्हाला आवडत होता तो परिणाम रेझिस्टरनेही मिळतो. तरीही ओळखता आलं, तर उरलेला फरक व्हॉल्व्हच्या स्वतःच्या विकृतीचा (डिस्टॉर्शन) किंवा गुणगुणीचा. मग सॉकेटमधला व्हॉल्व्ह बदलून पाहायला हरकत नाही.