मिसळू नका, वेगळं काढायला लावा: मिश्रण आणि द्रावण घरच्या घरी

मिश्रण आणि द्रावण हा धडा बऱ्याच ठिकाणी व्याख्येपासून सुरू होतो आणि व्याख्येवरच संपतो, म्हणजे द्राव्य कशाला म्हणतात, द्रावक कशाला म्हणतात, दोन उदाहरणं लिहा, झालं. मुलं पाठ करतात पण, आणि मग त्यांना विचारा की पाण्यात टाकलेलं मीठ गेलं कुठे, तर कितीतरी जण 'संपलं' असं बिनधास्त सांगतात. म्हणून माझं म्हणणं असं की मिसळणं शिकवायच्या फंदात पडूच नका, ते त्यांना येतंच, बेसिनपाशी पाच मिनिटं एकटं सोडलं की शांपू टूथपेस्ट पावडर सगळं एकत्र होतं. मिसळलेलं परत वेगळं काढायला लावा, डोकं तिथे चालतं.

पहिला खेळ असा. ताटलीत दोन मुठी वाळू, दोन-तीन चमचे मीठ, थोडा लाकडाचा भुसा (सुताराकडे मागितला तर देतो) आणि दहा-बारा टाचण्या. टाचण्या आधी चुंबकाला चिकटतात का ते बघून घ्या, सगळ्याच चिकटतात असं नाही. हे सगळं कालवून मुलांसमोर ठेवा आणि एवढंच सांगा की चारही वस्तू वेगवेगळ्या करून द्या. पद्धत सांगू नका, प्लीज. कोणी भुशाचा एकेक कण वेचत बसेल, बसू दे, कंटाळा आला की आपोआप कोणीतरी चाळणी मागतं, कोणाला चुंबक आठवतो. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा कारण टाचण्यांबरोबर वाळूतली काळी बारीक पूडही चिकटते आणि मग ती चुंबकावरून निघता निघत नाही. ती घाण नाहीये हं, आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट झिजतो त्यातलं ते मॅग्नेटाइट, लोखंडाचं खनिज. मुलांना हे कळलं की पुढचा अर्धा तास ते अंगणातली माती चुंबकाने उकरणार हे गृहीत धरा.

मग पाणी ओतायचं कोणाला तरी सुचतं. भुसा वर येतो (लगेच काढून घ्या, भिजला की तोही तळाला बसायला लागतो), वाळू खाली बसते, ती जुन्या सुती रुमालातून गाळायची. राहिलं मीठ, आणि ते तर दिसतच नाही.

इथे थांबा. किचनमधला डिजिटल काटा असेल तर काढा. २०० ग्रॅम पाणी आणि २० ग्रॅम मीठ वेगवेगळं मोजा, आणि मीठ विरघळवल्यावर वजन किती भरेल ते आधी प्रत्येकाला कागदावर लिहायला सांगा. काही जण २०० लिहितात, मधलंच काहीतरी लिहिणारेही निघतात. काटा २२० दाखवतो तेव्हा चेहरे बघण्यासारखे असतात! मग तेच पाणी स्टीलच्या पसरट ताटलीत अगदी पातळ ओतून कडक उन्हात ठेवा, पाणी आटलं की मिठाचे चौकोनी खडे भिंगातून स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात उन्हाचा नाद सोडा, मंद गॅसवर मोठ्यांनीच आटवा आणि थोडं ओलसर असतानाच गॅस बंद करा, शेवटी मीठ तडतडून अंगावर उडतं. वसई, उरण, पेणकडच्या मिठागरांत हेच चालतं, समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि बाकीचं काम ऊन करतं.

पुढचा प्रश्न मुलंच विचारतात, की किती टाकलं तर विरघळायचं थांबेल? १०० मिली पाण्यात मीठ जेमतेम ३६ ग्रॅम मावतं, पुढचं तळाशी पडून राहतं, हे संपृक्त द्रावण. साखर मात्र तेवढ्याच पाण्यात २०० ग्रॅम, म्हणजे पाण्याच्या दुप्पट! ५० मिलीवर करा, साखर वाया घालवायची नाही, सरबताला वापरा. आता दोन्ही पाणी गरम करून करा. मिठाला फारसा फरक पडत नाही, साखर मात्र अजून कितीतरी जिरते, आणि पाक थंड झाला की साखर का बसते तेही इथेच समजतं. एक टीप, बारीक मिठाचं पाणी जरा धुरकट दिसतं कारण गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात न विरघळणारी पूड घातलेली असते, मुलं हे बरोबर पकडतात, त्यांना 'काही नाही रे' म्हणून गप्प करू नका.

अंधार करून टॉर्चचा प्रयोग तर कराच. तीन ग्लास: मिठाचं पाणी, दोन-तीन थेंब दूध टाकलेलं पाणी, माती ढवळलेलं पाणी. मोबाइलच्या फ्लॅशवर बारीक भोकाचा पुठ्ठा धरून बाजूने बघायचं. मिठाच्या पाण्यात प्रकाशाचा पट्टा जवळपास दिसत नाही, दुधाच्या पाण्यात मस्त दिसतो, मातीचा ग्लास तासाभराने बघा, बरीच माती खाली बसलेली असते. द्रावण (मिठाचं पाणी), कलिल (दुधाचं पाणी), निलंबन (मातीचं पाणी) हे तीन शब्द आता सांगा, आधी नको. मातीच्या पाण्याचे दोन ग्लास केले तर एकात तुरटीचा खडा फिरवा, तो लवकर निवळतो. पण निवळलं म्हणजे प्यायचं झालं असं नाही हे ठणकावून सांगा.

हळद पटकन होते: बाटलीत पाणी, तेल, चिमूटभर हळद, हलवा आणि ठेवा. तेल पिवळंधम्मक होतं, पाण्यात हळद नुसती तरंगते नाहीतर बसते. फोडणीत हळद तेलात का घालतात त्याचं अर्धं उत्तर हे.

आणि मुलांना सगळ्यात आवडतो तो खडूचा. पांढऱ्या खडूवर खालून दोन सेंटिमीटरवर काळ्या स्केचपेनने गोल रिंग काढा, खडू बशीतल्या थोड्याशा पाण्यात उभा करा, रिंग पाण्याच्या वर राहिली पाहिजे नाहीतर शाई बशीत उतरते. पाणी चढत जातं आणि काळ्यातून निळा, गुलाबी, पिवळसर असे रंग सुटे होतात, कंपनी बदलली की पट्टेही बदलतात. परमनंट मार्करची शाई पाण्याने हलत नाही, तिथे बशीत सॅनिटायझर घालून बघा, पण गॅसपासून लांब.

चव घ्यायची ती फक्त स्वयंपाकघरातल्या स्वच्छ भांड्यातल्या मीठ-साखरेची, वाळूतून गाळलेल्याची नाही. उरलेलं मिठाचं पाणी मोरीत ओता, कुंडीत अजिबात नको, झाड जाईल.