भौतिकशास्त्राच्या पदवीनंतरची वाट कशी ठरवावी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की पुढे काय करायचे याचा विचार सुरू होतो, परंतु तोपर्यंत अनेक महत्त्वाच्या परीक्षांचे अर्ज भरण्याची मुदत संपून गेलेली असते. भौतिकशास्त्राच्या पदवीधरांना वाटा पुष्कळ आहेत. प्रत्येक वाटेची गुणांची अट, प्रवेशपरीक्षा आणि वेळापत्रक मात्र निराळे आहे. म्हणून हे नियोजन दुसऱ्या वर्षातच हाती घ्यावे.

पायरी १ : आपला कल कामातून तपासा. एखाद्या विषयात गुण चांगले मिळतात म्हणून तेच काम आयुष्यभर आवडेल असे नाही. उपकरणे जुळवून मोजमाप घेणे, कागदावर गणित मांडणे आणि संगणकावर आज्ञावली लिहिणे ही तीन वेगवेगळी कामे आहेत. त्यांपैकी कशात मन रमते, हे उन्हाळी सुटीतल्या एखाद्या प्रकल्पात जितके स्पष्ट होते तितके वर्गात होत नाही. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, पुण्यातील आयुका (खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठ केंद्र) आणि देशातील विज्ञान अकादम्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असे उपक्रम चालवतात. तिथे निवड झाली नाही, तर आपल्याच महाविद्यालयातील प्राध्यापकांकडे छोटा प्रकल्प मागावा.

पायरी २ : साठ टक्क्यांची रेषा सांभाळा. भाभा अणुसंशोधन केंद्रातील विद्यावेतनी प्रशिक्षणार्थींची भरती असो वा हवामान खात्यातील वैज्ञानिक सहायकाचे पद, पदवीला प्रथम श्रेणी किंवा 60 टक्के गुण मागितले जातात. प्रवेशपरीक्षेच्या नादात सत्र परीक्षेकडे दुर्लक्ष करणे त्यामुळे महागात पडते.

पायरी ३ : एम.एस्सी. करायची असेल तर तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज करा. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रवेशासाठी ‘जॅम’ ही परीक्षा फेब्रुवारीत होते, आणि तिचे अर्ज साधारणपणे आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले जातात. राज्यातील विद्यापीठांची प्रवेशप्रक्रिया त्यानंतर स्वतंत्रपणे चालते, तेव्हा दोन्हींची तयारी ठेवावी. एम.एस्सी.नंतर संशोधनाकडे वळायचे असल्यास ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीची रक्कम 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे. केवळ प्राध्यापकी हवी असेल, तर महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेत असलेली ‘सेट’ ही राज्यस्तरीय परीक्षाही पात्रतेसाठी चालते. अणुऊर्जा क्षेत्रात वैज्ञानिक अधिकारी व्हायचे असेल, तर 1957 साली सुरू झालेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण विद्यालयाचा मार्ग आहे.

पायरी ४ : रुग्णालयातील भौतिकशास्त्राचा विचार अवश्य करा. माझ्या मते ही सर्वांत दुर्लक्षित वाट आहे. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या प्रत्येक विभागात वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ लागतो. डॉक्टर गाठीला किरणांची किती मात्रा द्यायची ते ठरवतात. ती मात्रा कोणत्या दिशांनी आणि किती वेळ किरण सोडल्यास गाठीपर्यंत पोहोचेल, आणि शेजारचा मज्जारज्जू किंवा फुप्फुस कसे वाचेल, याची आकडेमोड भौतिकशास्त्रज्ञ करतो. यंत्रातून बाहेर पडणारी मात्रा ठरल्याप्रमाणे आहे ना, हे तो पाण्याच्या टाकीत आयनीकरण कक्ष (किरणांची मात्रा मोजणारे उपकरण) ठेवून मोजतो. नेहमीच्या पद्धतीत रुग्णाला दररोज सुमारे 2 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) एवढी मात्रा कित्येक आठवडे दिली जाते, त्यामुळे मोजमापातील छोटी चूकही रोज साचत जाते. पदवीच्या प्रयोगशाळेत त्रुटींचे विश्लेषण मन लावून केलेल्या विद्यार्थ्याला या कामाचे मोल लगेच कळेल.

यासाठीचा रूढ मार्ग असा : पदवीला भौतिकशास्त्र हा प्रमुख विषय, त्यानंतर भौतिकशास्त्रात एम.एस्सी., मग किरणोत्सर्ग भौतिकीची एक वर्षाची पदविका, आणि शेवटी मान्यताप्राप्त किरणोपचार विभागात एक वर्षाची उमेदवारी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण. ही पदविका मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्र चालवते. इतरत्र प्रवेश घेण्यापूर्वी तो अभ्यासक्रम अणुऊर्जा नियामक परिषदेच्या पात्रतेच्या अटी पूर्ण करतो का, हे लेखी तपासावे. शुल्क भरल्यावर ही चौकशी करून उपयोग नाही.

पायरी ५ : लगेच कमावणे गरजेचे असेल तर पदवीवरच्या जागा पाहा. पायरी २ मध्ये सांगितलेल्या दोन भरतींखेरीज संरक्षण संशोधन संस्थेतील तांत्रिक सहायकाच्या काही जागाही बी.एस्सी.वर भरल्या जातात. यांच्या जाहिराती दरवर्षी ठरावीक वेळी येतातच असे नाही, त्यामुळे त्यांची वाट पाहत वर्षे घालवू नयेत, सोबत बी.एड. किंवा दुसरा अभ्यासक्रम चालू ठेवावा. बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधराला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि एम.सी.ए.ची प्रवेशपरीक्षाही देता येते.

पायरी ६ : कागदपत्रे आधी काढा. वयोमर्यादा जाहिरातीत दिलेल्या तारखेला मोजली जाते, अर्ज भरता त्या दिवशी नव्हे. इतर मागासवर्गीय उमेदवारांनी केंद्रीय भरतीसाठी केंद्राच्या नमुन्यातील नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र वेगळे काढावे. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही पाहावे, कारण राज्याच्या यादीतील काही जाती तिथे नाहीत.