मुलींचं रॉक शिबिर कसं भरवायचं: पाच दिवस, एक बँड, एक स्वतःचं गाणं

२००१ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये सुरू झालेल्या शिबिरातून हा साचा आला. वाद्य कधी हातात न घेतलेल्या मुली एकत्र येतात, बँड करतात, गाणं स्वतः रचतात आणि शेवटच्या दिवशी लोकांसमोर वाजवतात. आज अनेक देशांत अशी शिबिरं भरतात. ती फसतात बहुधा एकाच कारणाने. घाईच्या वेळी मोठी माणसं मुलीच्या हातातलं काम काढून घेतात.

गट पाडताना

पहिल्या खेपेला वीस मुली पुरेत. पाच-पाच जणींचे चार बँड करा: ड्रम्स, बेस, गिटार, कीबोर्ड, गायन. आठ वर्षांची आणि पंधरा वर्षांची एका बँडमध्ये नको, कारण थोरली ठरवते आणि धाकटी मान डोलावते. वयातलं अंतर तीन वर्षांच्या आत ठेवा. ड्रम सेट दोनच असतील तर दोन बँडनी वाजवायचं आणि दोघांनी तेवढ्यात शब्द लिहायचे. प्रत्येक खोलीत दोन प्रशिक्षक हव्यात. मुलीसोबत एकच मोठं माणूस बंद दाराआड बसणार नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगून टाका.

वाद्यं हाताला बेतताना

लहान मुलीला ३४ इंची (हे माप तारेच्या वाजणाऱ्या लांबीचं) बेस दिला तर पहिल्या फ्रेटपर्यंत, म्हणजे मानेवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीपर्यंत, हातच पुरत नाही. ३० इंची घ्या. गिटारला ९ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) पातळ तारा लावा. ड्रम्सच्या स्टुलावर बसल्यावर मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती हवी, नाहीतर पाय पेडलवर लोंबकळतो.

पाच दिवसांत पूर्ण कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बसवायच्या भानगडीत पडू नका. गिटारची सर्वांत जाड तार एक पूर्ण स्वर उतरवून ई ची डी करा. मग जाड बाजूच्या तीन तारांवर एकच बोट आडवं दाबलं की पॉवर कॉर्ड (दोनच स्वरांची सोपी कॉर्ड) तयार, आणि तेच बोट सरकवलं की पुढची. बेसची जाड तारही तशीच उतरवा. नाहीतर एकीचा तिसरा फ्रेट आणि दुसरीचा तिसरा फ्रेट वेगवेगळे स्वर देतात, आणि चूक कोणाची यावर अर्धा तास जातो.

ड्रम्सवर आधी हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर) सरळ आठ ठोके. मग चारच्या मोजणीत दोन आणि चारवर स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम). हे न मोडता चाललं की एक आणि तीनवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम). इथे हमखास पाय स्नेअरच्या हातासोबत पडतो. ओरडून उपयोग नाही, मेट्रोनोम (ठोके मोजणारं यंत्र) मिनिटाला ६० वर आणा. पाय सुटा झाला की ९०.

आवाजाचं गणित

ड्रम्सना बटण नसतं, म्हणून बाकीच्यांनी त्यांच्याशी जुळवून घ्यायचं. आधी बेस, मग त्याच्या खाली गिटार, शेवटी गायन. शब्द ऐकू येत नसतील तर गिटार कमी करा. माइक वाढवला तर शिट्टी सुरू होते. स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. माइकची जाळी मुठीत धरून गायलं तरी शिट्टी येते, आणि रुबाब म्हणून मुली नेमकं तेच करतात. बेस गिटारच्या अँपमधून (आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून) जोरात वाजवू देऊ नका, स्पीकर फाटतो. जॅक (केबलचं टोक) काढण्याआधी व्हॉल्यूम शून्यावर.

कानांत इअरप्लग सक्तीचे. उघड्या कानाला ८५ डेसिबल आठ तास चालतात, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात, आणि छोट्या खोलीतला ड्रम सेट तिथे सहज पोचतो.

गाणं

दुसऱ्या दिवशी प्रत्येकीने दहा मिनिटांत न खोडता लिहायचं: मला कोणत्या गोष्टीचा राग येतो? यमक नंतर. पाच कागदांतून एकेक ओळ उचलली तरी ध्रुवपद निघतं. कडवं आठ बार (एक बार म्हणजे चार ठोके), ध्रुवपद आठ बार, दोन्ही दोनदा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाणं रचणं बंद, त्यानंतर नवीन तुकडा घ्यायचा नाही. शेवट मात्र स्वतंत्र बसवा. बहुतेक बँडना थांबायचं कसं हेच ठरलेलं नसतं, मग एक थांबते आणि चौघी वाजवत राहतात. शेवटच्या चार ठोक्यांवर ड्रमरकडे बघायचं, क्रॅश (मोठी झांज) पडला की तारांवर हात.

बँडच्या नावावरून भांडण होतंच. मतदान घेऊ नका, हरलेल्या दोघी दिवसभर रुसतात. ज्या नावाला कोणीच ठाम नकार देत नाही ते घ्या, फालतू असलं तरी चालेल.

प्रशिक्षकांचे हात

दाखवायचं असेल तर दुसऱ्या गिटारवर दाखवा, मुलीच्या हातातली काढून घ्यायची नाही. अँप मुका झाला तर तपासणी तिनेच करायची: अँपचा स्विच, गिटारचं व्हॉल्यूम बटण, जॅक नीट बसलाय का, मग केबल बदलून. बहुतेकदा दोष दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या पायरीवर सापडतो. ध्वनियंत्रणा सांभाळायलाही बाईच बोलवा. दर वेळी केबल हातात घेऊन एखादा दादाच धावत आला, तर मुलींना हे जमतं असं तुम्ही दिवसभर सांगितलेलं फुकट.

कार्यक्रम

गाणं छोटंसं, पण प्रत्येक बँडला दहा मिनिटं धरा. ड्रम सेट हलवायचा नाही, फक्त स्टूल आणि स्नेअरची उंची बदलायची. सूर लावलेली एक जादा गिटार बाजूला तयार ठेवा. आदल्या दिवशीच्या शेवटच्या तालमीत गाणं सुरू असताना न सांगता एका अँपचा आवाज बंद करा. ड्रम्स थांबता कामा नयेत, आणि बाकीच्यांनी ध्रुवपदावर एकत्र यायचं. पहिल्यांदा सगळ्या थांबून प्रशिक्षकाकडे बघतात. तुम्ही खिडकीबाहेर बघा, आणि पुन्हा सुरुवातीपासून वाजवू द्या.