पाखरांसाठी तोरण करताय? मग या चुका टाळा

दसरा जवळ आला की मला फोन येऊ लागतात. बाजरीच्या कणसांचं तोरण कसं बांधायचं, भाताच्या लोंब्या कुठे मिळतील, खारीसाठी काय टांगायचं. मी सांगते. दिवाळी झाली की त्याच मंडळींचे पुन्हा फोन: एकही चिमणी फिरकली नाही! फोटो मागवावा तर कणसांवर सोनेरी स्प्रे, मधेमधे चमकी आणि देठ ग्लू गनने चिकटवलेले. तोरण पाखरांसाठी आहे की शेजाऱ्यांसाठी, हे आधी ठरवा. शेजाऱ्यांसाठी असेल तर आमच्या नाशिकच्या मेन रोडला प्लॅस्टिकचं मिळतं, वर्षभर टिकतं.

पेरणीचं बियाणं

तोरणाला पेरणीचं बियाणं वापरायचं, या चुकीबद्दल मी जास्त बोलणार आहे. बाकीच्या चुकांपैकी बऱ्याच चुकांनी नुसतं तोरण वाया जातं, हिने थेट जीव जातो.

आमच्या इमारतीतला एक मुलगा, हौशी आणि तितकाच घाईचा. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी त्याला तोरणाची आठवण झाली. त्या वेळी कणसं कुठली मिळायला? पठ्ठ्याने बियाण्याच्या दुकानातून बाजरीची पिशवी आणली, कणकेच्या खळीने करवंट्यांवर दाणे चिकटवले आणि जिन्यात वाळत ठेवले. दाणे गुलाबी.

"अरे, हा रंग तू दिलास?"

"नाही काकू, पिशवीतूनच असे निघाले. भारी दिसतात ना?"

पिशवी मागून घेतली. खाण्यासाठी किंवा जनावरांच्या खाद्यासाठी वापरू नये, असं तिच्यावर स्पष्ट छापलेलं. पेरणीच्या बाजरीला केवडा रोग येऊ नये म्हणून मेटॅलॅक्झिल हे बुरशीनाशक चोळतात, कधी वर कीटकनाशकही असतं. रंग मुद्दाम देतात, कोणी चुकून दळून खाऊ नये म्हणून. चिमणीचं वजन जेमतेम 25 ग्रॅम, तिला असे कितीसे दाणे लागणार? "मग धुऊन घेतो ना काकू," हा त्याचा पुढचा तोडगा. धुतल्यावर रंग जाईल रे, पण औषध गेलं की राहिलं, हे कोण बघणार? करवंट्या अजून बाहेर टांगल्या नव्हत्या म्हणून निभावलं. सगळं खोल खड्ड्यात पुरायला लावलं. दिवाळीचा फराळ त्याच्या आईने दिला, तो स्वतः काही आला नाही.

दाणे हवेत तर किराण्यातली खायची बाजरी घ्या. कणसं हवीत तर येवला, सिन्नर, नांदगावकडच्या कोणा ओळखीच्या शेतकऱ्याला गणपतीतच सांगून ठेवा. परतीच्या पावसात सापडलेलं कणीस मात्र नीट निरखून बघा. दाण्याच्या जागी काळपट, टणक, लांबट गाठी दिसल्या तर तो अरगट, म्हणजे बुरशीचा रोग, आणि त्या गाठी विषारी असतात. शेतकरी बियाणं 20 टक्के मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारं काढून टाकतात ते याच्याचसाठी. आपल्याला तेवढा खटाटोप नको, अख्खं कणीसच बाद करायचं.

भाताच्या लोंब्या घोटी-इगतपुरीकडून आणा आणि हिरवट-पिवळ्या असतानाच कापलेल्या मागा. पूर्ण पिकलेल्या लोंब्या विणायला घेतल्या की दाणे घरभर झडतात. देठ वाळले असतील तर फक्त देठ रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळायचे. अख्खी जुडी बादलीत बुडवणारेही आहेत, आणि नंतर वास का येतो असं विचारणारेही तेच. विणून झालेली झालर मी उलटी टांगून सावलीत वाळवते.

परदेशी कृती आणि नाशिकचं ऊन

नाताळ आला की दुसरी लाट येते. कुठेतरी व्हिडिओ बघायचा आणि दाणे चरबीत नाहीतर पीनट बटरमध्ये घोळवून चांदण्या करायच्या. जिथे बर्फ पडतो तिथे ते ठीक आहे. तिथे चरबी घट्ट राहते आणि कडाक्याच्या थंडीत पाखरांना ती हवीही असते. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास असतो, निफाडला आणखी खाली, पण दुपारी तोच 28 वर जातो.

पाथर्डी फाट्याकडच्या एका घरी वनस्पती तुपाच्या चांदण्या पश्चिमेच्या गॅलरीत टांगल्या होत्या. मी गेले तेव्हा दुपार कलली होती. चांदण्या ओघळलेल्या, फरशीवर तूप, मुंग्यांची रांग पार बेडरूमपर्यंत, आणि कठड्यावर एक बुलबुल पोटाची चिकटलेली पिसं चोचीने सारखी ओढत बसलेला. तुपकट पिसं ऊब धरत नाहीत, पाणीही अडवत नाहीत. असं पाखरू पहाटेच्या थंडीत काय करणार? यजमानीणबाईंचा प्रश्न होता, "रोज रात्री फ्रीजमध्ये ठेवून सकाळी लावू का?" मी चहा न घेताच निघाले.

माझी पद्धत साधी आहे. बाजरीचं पीठ, चिकटपणापुरती कणीक, मूठभर बाजरी-ज्वारी-राळा, पाणी. मीठ नाही, तेल नाही. भाकरीपेक्षा जाड थापायचं, साच्याने कापायचं, काडीने भोक पाडायचं. मंद तव्यावर दोन्ही बाजू शेकायच्या आणि मग चांगलं कडकडीत होईपर्यंत उन्हात ठेवायचं. वेळ लागतो. मायक्रोवेव्हमध्ये होतं का, हे मला विचारू नका. सगळीकडे सारखं वाळत नाही, आणि ओल राहिली की तिथेच बुरशी धरते.

बाकीचं थोडक्यात

दोरा सुतळीचा, नाहीतर फुलवाल्यांकडचं केळीचं सोपट. नायलॉन, तंगूस, संक्रांतीचा उरलेला मांजा यांपैकी काहीही नको. पाय अडकला की पाखरू उलटं लटकून मरतं.

शेंगा कच्च्या, वाळलेल्या. खारे दाणे नकोत. दोन-चार शेंगा फोडून बघा, आत हिरवट बुरशी दिसली तर सगळ्या टाका. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं.

पेरू-पपईच्या फोडी बुलबुल, तांबट, कोकीळ खातात. शिंजीर आला नाही म्हणून रुसू नका, त्याला फुलातला मध आणि बारीक किडे लागतात. त्याच्यासाठी जास्वंद लावा.

नाताळात बागलाणची लवकरची द्राक्षं बाजारात येतात आणि नाशिककराला घड टांगायचा मोह होतोच. टांगा, पण नीट धुऊन, कारण फवारणी झालेली असते. आणि उंच टांगा. द्राक्षं-बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक असतात.

कबुतरं येतात अशी तक्रार करणाऱ्यांच्या गॅलरीत तोरणाखाली हमखास एक ताटली असते. सांडलेले दाणे वाया जाऊ नयेत म्हणे! कबुतराला झुलत्या बारीक लोंबीवर बसता येत नाही. चिमणी आणि मनोली मात्र तिथे आरामात लोंबकळून खातात. ताटली ठेवली की तुम्ही कबुतराला पाट मांडून दिलात. ताटली काढा, खालचे दाणे रोज झाडा. पाण्याचं उथळ भांडं लांब ठेवा आणि रोज घासा.

तोरण काचेच्या खिडकीसमोर नको, मांजर दबा धरेल अशा झुडपाजवळ नको.

आणि घाई नको. लक्ष्मीपूजनाला माळ लावायची, खाली लवंगी फोडायची आणि पाडव्याला चिमण्या मोजायच्या, असं कसं चालेल? फटाक्यांचा धूर-आवाज असेपर्यंत पाखरं फिरकत नाहीत. नवीन वस्तूलाही ती आठवडाभर बिचकतात. माझ्याकडे खरी वर्दळ तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते, आणि नेमकी तोवर बहुतेकांनी तोरणं काढून कचऱ्यात टाकलेली असतात. राहू द्या की! दाणे संपले की मग देठ काढून कुंडीत घाला. मधेच अवकाळी पाऊस आला तर मात्र तोरण त्याच दिवशी उतरवा, उन्हात खडखडीत वाळवा, आणि कुबट वास आला तर पुन्हा टांगू नका.