विंचू नर की मादी? ओळखताना या चुका टाळा

विंचवाच्या नर-मादीचा घोटाळा मराठीत व्याकरणापासूनच सुरू होतो. विंचू पुल्लिंगी, इंगळी स्त्रीलिंगी. म्हणून इंगळी ही विंचवाची मादी, असं बरेच जण धरून चालतात. इंगळी म्हणजे मोठा, जाड चिमट्यांचा काळा विंचू. अंगणातला छोटा लाल विंचू तिचा नवरा नव्हे. दोघांची कुळंच वेगळी, आणि दोन्हींत नरही असतात, मादीही. इंगळीचं शास्त्रीय नाव जुन्या पुस्तकांत हेटेरोमेट्रस असं सापडेल. 2020 च्या फेरमांडणीनंतर दख्खनमधल्या काही जाती डेक्कनोमेट्रस या नावाखाली गेल्या. जुनं वर्णन ताडून बघताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर एकाच प्राण्याची दोन वर्णनं वेगळी समजून बसाल.

वरून बघून निकाल देणे

सगळ्यात जास्त फसवणारी चूक हीच. ‘मोठी ती मादी, लहान तो नर’ हे पूर्ण वाढलेल्या जोडीत बऱ्याचदा खरं ठरतं, पण तुमच्यासमोरचा विंचू पूर्ण वाढलेला आहे का, हे आधी कुठे माहीत असतं? अजून दोन वेळा कात टाकायची असलेली मादी वाढलेल्या नरापेक्षा लहान दिसते. फुगलेल्या पोटाचंही तेच. पोटभर झुरळं खाल्लेल्या नराच्याही पाठीच्या पट्ट्या एकमेकींपासून फाकतात आणि मधली पांढरट त्वचा दिसू लागते.

शेपटीचं प्रमाण काही जातींत फार बोलकं असतं. बंदरांतून आणि जहाजांतून उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरलेल्या आयसोमेट्रस मॅक्युलेटस या ठिपकेदार विंचवाचा नर शेपटीवरूनच ओळखू येतो, इतकी ती लांब आणि सडपातळ. दक्षिण आफ्रिकेतल्या खडकांच्या फटींत राहणाऱ्या हॅडोजेनीसचंही तसंच. पण तीच फूटपट्टी इंगळीला लावाल तर काहीच हाती लागणार नाही. चिमट्यांचंही असंच आहे: काही जातींत नराचा पंजा रुंद आणि बोटं मुळाशी वाकडी, तर काहींत उलट नराचा पंजा लांबट आणि अरुंद. जात ठरल्याशिवाय शेपटी आणि चिमटे पुरावा म्हणून वापरू नका.

पोटाकडची फणी न बघणे

खरी खूण पोटाखाली आहे. पायांची चौथी जोडी संपते तिथे मध्यरेषेवर एक छोटं झाकण असतं, ते जननेंद्रियाचं. त्याच्या लगेच मागे दोन्ही बाजूंना पसरलेल्या दोन फण्या. या फण्यांनी विंचू जमिनीचा वास घेतो आणि पोत चाचपतो. नराला मादीचा माग काढायचा असतो, आणि मिलनाच्या वेळी तिचे चिमटे धरून तिला मागे-पुढे ओढत नेत शुक्राणूंची कांडी रोवायला योग्य सपाट जागाही शोधायची असते. म्हणून बहुतेक जातींत नराची फणी लांब, तिचे दात लांब आणि संख्येनेही जास्त. मादीची फणी आखूड, दात बुटके. काही जातींच्या मादीत फणीच्या आतल्या टोकाला दात नसलेला मोकळा भाग दिसतो.

झाकणाला दोन पाती असतात. बऱ्याच जातींच्या मादीत ती आतल्या कडेने जुळलेली, नरात सुटी, आणि त्यांच्या मागच्या कडेखालून दोन बारीक टोकं डोकावतात. फण्यांच्या मागे पोटावर चार जोड्या फटी दिसतील, त्या श्वासाच्या. नवखे लोक त्यांनाच जननछिद्र समजतात.

दात मोजताना

आकडा एकट्याने काही सांगत नाही. लाल विंचवाच्या एका फणीला 30 च्या आसपास दात असू शकतात, इंगळीला साधारण त्याच्या निम्मे. म्हणजे इंगळीचा नर दातांच्या हिशोबात लाल विंचवाच्या मादीपुढेही कमी पडतो! एकाच जातीतही नर-मादीचे आकडे मध्यभागी एकमेकांत मिसळतात. मधला आकडा आला तर दाताची लांबी आणि झाकण बघा. दोन खुणा जुळल्या तरच निकाल लिहा, नाहीतर ‘अनिश्चित’ लिहा.

डावी-उजवी फणी वेगवेगळी मोजा. एखाद-दुसऱ्या दाताचा फरक नैसर्गिक असतो. बाहेरच्या टोकाचा शेवटचा दात बारीक असतो, तो हमखास सुटतो. तुटलेल्या दाताची जागा मोजायची, सोडायची नाही. दातांची संख्या जन्मापासून ठरलेली असते, काती टाकून वाढत नाही. लांबी मात्र वाढते. त्यामुळे पिल्लात लांबीवरून ‘आखूड, म्हणजे मादी’ असं ठरवणं हमखास चुकतं.

हातात धरणे

बोटांनी शेपटी धरून उलटा करणे हा प्रकार करूच नका. सपाट, स्वच्छ तळाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, ब्रशने विंचवाला आत ढकला, झाकण लावा, डबा डोळ्यांच्या वर धरून खालून फोटो काढा. गुळगुळीत भिंतीवर बहुतेक विंचवांना चढता येत नाही. फोटोत चकाकी येत असेल तर विजेरी तिरकी धरा. विंचू अंग चोरून बसला तर पंधरा मिनिटं अंधारात ठेवून पुन्हा बघा. तरीही जमत नसेल तर 3-4 सेंमी जाड मऊ स्पंजाने त्याला तळाशी हलकेच टेकवा. जोर लावाल तर फणीचे दात मोडतील. अतिनील विजेरीत विंचवाचं अंग चमकतं आणि फणीच्या कडा छान उठून दिसतात, पण नुकतीच कात टाकलेला विंचू नीट चमकत नाही, आणि प्रकाश दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये.

सगळ्यात सोयीचा पुरावा म्हणजे टाकलेली कात. ती फेकू नका. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, मऊ ब्रशने पोटाकडचा भाग उलगडा आणि 10 पट भिंगाखाली बघा. कोरडी उलगडाल तर चुरा होईल.

पिल्लं आणि मादी

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मात्र शंभर टक्के उपयोगी खूण आहे: पाठीवर पिल्लं असलेली ती मादीच. पहिली कात टाकेपर्यंत पिल्लं पाठीवर असतात. ती आईला खाऊन टाकतात हे खोटं. उलट डबा हलवून त्रास दिला तर आईच पिल्लं खाऊ शकते. रानातून आणलेल्या विंचवाने महिन्यांनंतर पिल्लं दिली म्हणून सोबतचा विंचू नर ठरत नाही. गर्भकाळ कित्येक महिन्यांचा असतो, आणि काही जातींत एका मिलनावर पुढच्या वेताही होतात. ब्राझीलच्या टिट्युस सेर्रुलाटस या विंचवात तर मादीला नराची गरजच लागत नाही.

‘नर डसला तर चालतं’

नांगी आणि विष दोघांनाही असतं. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, तो रुग्णाची लक्षणं बघून दिला जातो, विंचवाचं लिंग बघून नव्हे. दंश झाल्यावर विंचू उलटा करून तपासत बसू नका. घाम, थंड पडलेले हातपाय, उलट्या किंवा लहान मूल असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा.