ब्रेसेसच्या पेशंटमध्ये चावण्याचा जोर कुठे किती पडतो ते कसं मोजायचं

रत्नागिरीत ब्रेसेसची प्रॅक्टिस करताना एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली, की 'चाव' म्हटल्यावर पेशंट जे चावतो ते त्याचं रोजचं चावणं असतंच असं नाही, आणि तिथे चुकलं की मशीन कितीही भारी असू दे, आकडे चुकीचेच येणार. म्हणून सेन्सर हातात घ्यायच्या आधी नुसतं बघा.

वरचे दात पुढे आलेली मुलं, म्हणजे क्लास टू डिव्हिजन वन, लाजून खालचा जबडा पुढे सरकवून बसतात, याला आम्ही संडे बाइट म्हणतो. तसंच रेकॉर्ड घेतलं तर पुढच्या दातांवर नसलेला जोर दिसतो. यावर उपाय साधा आहे, पाठ टेकवून सरळ बसवा, मान वर-खाली नको, आणि म्हणा, "बाय, थुंकी गिळ, गिळताना दात जिथे मिटले तिथेच घट्ट दाब." 'काजूगर चावल्यासारखं चाव' असं कधीच सांगू नका, कारण मग मूल आपल्या सवयीच्या बाजूनेच चावतं आणि डावी-उजवी टक्केवारी तिथेच बिघडते. उलट्या चाव्याच्या (खालचे पुढचे दात वरच्यांच्या पुढे येतात) काही पेशंटचे पटाशीचे दात आधी टेकतात आणि मग जबडा पुढे घसरतो, तिथे शेवटचं चित्र पाहून थांबू नका, रेकॉर्डिंग हळू चालवून पहिला टेका कुठे झाला ते बघा. एकाच बाजूला क्रॉसबाइट (वरच्या दाढा खालच्यांच्या आत मिटणं) असेल तर जबडा बाजूला सरकतो का, तेही असंच कळतं.

आता मशीन. टी-स्कॅन म्हणजे दातांमध्ये पातळ सेन्सर धरून चावण्याचा जोर स्क्रीनवर रंगात दाखवणारं मशीन. त्याचा सेन्सर साधारण 0.1 मिमी जाडीचा असतो, तो न्यूटन सांगत नाही, एकूण जोराचे 100 टक्के धरून कुठल्या दातावर किती ते सांगतो. सेन्सिटिव्हिटी प्रत्येक पेशंटला वेगळी लावावी लागते, ओपन बाइटवाल्यांचा (दाढा मिटल्या तरी पुढचे दात टेकत नाहीत) जोर बहुतेक वेळा कमी असतो म्हणून वाढवावी लागते, डीप बाइटवाल्यांना (वरचे पुढचे दात खालच्यांना फार झाकतात) कमी, जास्तीत जास्त जोराचा गुलाबी रंग दोन-तीन ठिकाणीच दिसेल इतकी. त्यामुळे या पेशंटचा लाल आणि त्या पेशंटचा लाल याची तुलना करायची नाही, टक्क्यांची करा. न्यूटनमध्ये आकडा हवा असेल तर प्रीस्केलसारखी प्रेशर फिल्म (दाबल्यावर रंग उमटणारी पातळ पट्टी) आहे, पण तिच्या रंगावर हवेतल्या दमटपणाचा आणि तापमानाचा परिणाम होतो, आणि आपल्याकडचा जुलै म्हणजे काय ते सांगायला नको. पाकीट घट्ट बंद ठेवा आणि एसी लावूनच वापरा.

नवीन सेन्सरवर आधी दोन-तीनदा चावून घ्या, मग तीन रेकॉर्ड, मध्ये थोडी विश्रांती. तिन्ही जुळले नाहीत तर सरासरी काढत बसू नका, परत घ्या. आई शेजारी उभी असतेच, "डॉक्टरनू, दात हलतले काय?" असं विचारते, तिला शांतपणे समजवा, नाहीतर मूलही अर्धवट दाबतं.

वाचताना माझी पद्धत अशी की आधी डावी-उजवी बघायची (बरोबर 50-50 क्वचितच मिळतं, दोन-चार टक्क्यांच्या फरकाने घाबरू नका), मग दाढा विरुद्ध पुढचे दात. ओपन बाइटमध्ये पुढचा भाग कोराच येतो, सेन्सर खराब नाही. क्लास टू डिव्हिजन टूमध्ये वरचे पटाशीचे दात आत झुकलेले आणि चावा खोल, त्यामुळे सेन्सर पुढे दुमडतो आणि नसलेला टेका दिसतो. शंका आली तर आर्टिक्युलेटिंग पेपरने (दात टेकतात तिथे रंगाचा डाग पाडणारा कागद) तिथे खरंच टेकतंय का ते तपासा, पण पेपरचा डाग मोठा म्हणजे जोर जास्त असं मात्र धरू नका, तसं नसतं.

वेळ फार महत्त्वाची. पहिलं रेकॉर्ड ब्रॅकेट (तार अडकवायला दातांवर चिकटवतात ते तुकडे) लावायच्या आधीच. तार बदलल्यावर आठवडाभर तरी घेऊ नका, दुखतं म्हणून पेशंट जोरच लावत नाही. दाढांवर बाइट ब्लॉक (चावा उघडा ठेवायला चिकटवलेले उंचवटे) असतील तर सगळा जोर त्यांच्यावरच येणार, ते रेकॉर्ड घेण्यात अर्थ नाही. ब्रेसेस काढल्या त्या दिवशी एक आणि दात बसायला वेळ देऊन तीन-चार महिन्यांनी एक, कारण त्या काळात दाढांचे टेके वाढतात. ते दुसरं रेकॉर्ड हवंच, त्यामुळे देवगडहून एसटीने येणाऱ्या पेशंटला रिटेनर (ब्रेसेसनंतर दात जागेवर ठेवणारं साधन) तपासायची तारीख देतानाच सांगून ठेवा.